खोट आधी सांगावी

सौंसर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मानसी,

आशीर्वाद लिहावा की नाही, या विचारात पेनची शाई वाळली. लिहितो. घ्यायचा असेल तर घे, नाही तर कागद तसाच घडी करून ठेव.

तुझा जुना फोन लागत नाही, नवा नंबर मी कोणाला विचारला नाही. हा पत्ता तुझ्या आईनं दिला. चिठ्ठी माझ्या हातात ठेवताना उर्मिला म्हणाली, "दादा, हा पत्ता कोनाले दाखवला त मी या घरात राहनार नाही." दसऱ्यापासून ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि आजपर्यंतचं शेवटचं. चहा रोज करते. कप तुझ्या मोठ्या आईच्या हातून येतो.

काल तुळशीचं लग्न झालं. ऊस, बोरं, आवळे आणून मोठ्या आईनं मांडव घातला. मंगलाष्टकं दरवर्षी मी म्हणतो. कालही उभा राहिलो, पण दुसरी ओळ तोंडातून निघाली नाही. शेजारच्या अलकानं पुढचं म्हटलं आणि अक्षता पडल्या. वाईट वाटलं का? नाही. मानसी, काहीच वाटलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग आपण जिभेनं चाचपत राहतो की दात आहे का गेला. माझं सध्या तसं चालू आहे.

मंडीत काट्यावर पोती तोलता तोलता मी सोयरिकी जुळवत आलो, हे तुला सांगायला नको. तुळशीचं लग्न उरकलं की दुसऱ्या दिवसापासून आपल्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा. आज सकाळपासून एक दूधवाला आला, आणि गेला.

पांढुर्ण्याच्या अभिजीतशी तुझं जमत आलेलं थांबलं ते माझ्यामुळे. एवढं मान्य आहे. मोबाईलवर मी तुझ्याबद्दल जे टाकलं ते टाकायला नको होतं. पण बाई, या धंद्यात मी नवा. नवीन बैल पहिल्या तासाला वाकडाच जातो. तू पहिल्या दिवशी फोन करून काढायला सांगितलं होतं, पण काढायचं बटन मला सापडलं नाही. सापडेपर्यंत नऊ दिवस गेले. एवढंच झालं.

थंडी सुरू झाली आहे. तुझी शाल इथेच राहिली. पाठवू का?

तुझा,
मोठेबाबा


सौंसर, १५ नोव्हेंबर

चि. मानसी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून लिहिलं नव्हतं. शाल पाठवली नाही. मोठी आई म्हणते, मागितल्याशिवाय पाठवू नका.

मी हे सगळं काऊन केलं, ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. मी सांगतो, माझ्या बाजूनं सांगतो, म्हणजे थोडं कमीजास्त धर.

मंडीत कॉम्प्युटरचा काटा आला आणि काट्याला माणूस लागेनासा झाला. तोलाईवाल्याला पेन्शन कसली? दर महिन्याला तू नागपूरवरून पैसे पाठवायची. हेमराज असता तर भावानं भावाला दिलं असं म्हटलं असतं. पण गेलेल्या भावाची पोरगी लॅबमध्ये उभ्या उभ्या लोकांचं रक्त काढते, आणि मी तिच्या कमाईचं तेल-मीठ आणतो, हा घास गळ्याखाली उतरत नव्हता. तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं.

मोबाईलवर एक बाई घरबसल्या कमवायचं शिकवते. हिंदीत बोलते, गोड बोलते. तिचा कोर्स घेतला. सोयरिकीचं पान काढायचं ठरवलं, कारण दुसरं येतं काय मला? माझा जुना दोस्त वीरेंद्र मास्तर पांढुर्ण्यावरून आला होता, त्यानं मला अंगणात मोबाईल समोर धरून बोलताना पाहिलं.

"पुंडलिका, या वयात हिरो बनून राहिला का बे?"

"हिरो नाही, दुकान टाकून राहिलो. फक्त शटर नाही."

"शटर नाही त बंद कसं करशील?"

आम्ही दोघं हसलो. मोठ्या आईनं त्याला चिवडा दिला.

चुका म्हणशील तर पायलीला पन्नास. पहिल्याच दिवशी अठरा मुला-मुलींची माहिती एकदम टाकली, मग पंधरा दिवस टाकायला काही उरलं नाही. पानाचं नाव तीनदा बदललं. तिसऱ्यांदा तर माझी सख्खी बहीण मला शोधू शकली नाही. घरचाच नंबर दिला. जेवायला बसलो की बिहारमधून, राजस्थानमधून फोन, "चाचा, लड़की का फोटो भेजो." पहिल्या शंभर जणांची नोंदणी फुकट ठेवली. फुकटातले तीस आले, पुढचं कोणी आलंच नाही. आवडल्याचे अंगठे सात, त्यातले सहा आपल्याच घरचे, आणि सातवा माझा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मग त्या कोर्सवाल्या बाईनं सांगितलं, "अपनी सच्ची कहानी बताइए. पहले भरोसा, कमाई बाद में."

मला पटलं. कारण आपली रीतही तीच. मध्यस्थानं चहाचा घोट घ्यायच्या आधी खोट सांगायची. पोराला पिण्याची सवय आहे, पोरीचा एक पाय आखूड आहे, घरात वेडसर चुलता आहे. पाव्हण्याला ओट्याच्या कडेला न्यायचं, हळू आवाजात सांगायचं, मग तो परत येऊन बसला तर सोयरीक. माझ्या बापानं मला हे शिकवलं. एक्केचाळीस लग्नं मी अशी लावली, एकही मोडलं नाही. मला वाटलं, ती बाई आणि माझा बाप एकच बोलून राहिले.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. ओट्यावर बसलो. मोबाईल पाटीला टेकवला. तुझा नर्सरीतल्या झाडाजवळचा निळ्या ड्रेसचा फोटो समोर धरला आणि बोललो, "ही माझी पुतणी मानसी. हिला लहानपणी फिट यायची. नऊ वर्षांची होती तेव्हापासून चौदापर्यंत. आता अकरा वर्षं झाली, काही नाही. पण मी खोट लपवत नाही. जो आपल्या घरातली खोट सांगतो तो तुमच्या घराचं वाईट करणार नाही. माझ्यावर भरोसा ठेवा."

तुझ्या नावासकट, तुझ्या लॅबच्या नावासकट.

चाळीस हजार लोकांनी पाहिलं. आणि तुला हसू येईल, पैसे घ्यायची सोय मी पानावर कुठे ठेवलीच नव्हती. चाळीस हजार लोक आले, पाहून गेले. दुकानाला गल्लाच नव्हता.

हसू येणार नाही, कळतं.

तुझा,
मोठेबाबा


सौंसर, ३० नोव्हेंबर

चि. मानसी,

मी आता गावोगाव फिरतो आहे. पानावरून काढलं म्हणजे निघालं असं मी समजत होतो. लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये ठेवलंय, भावकीच्या गटांमध्ये टाकलंय. म्हणून ज्या घरांत माझी ओळख, त्या घरी जातो आणि हात जोडून म्हणतो, काढून टाका.

सोमवारी रामाकोन्याला गेलो. गुलाबबाई, जिचं लग्न मीच लावलं होतं, वावरात कापूस वेचत होती. ओटीत कापूस, कमरेला मोबाईल. माझ्यासमोर काढलं तिनं. मग म्हणाली, "काढलं जी मामा, पन माह्या भावानं पयलेच पुढं पाठवलं. त्याच्या साळ्यानं आनखी पुढं. कुठं कुठं जासान तुमी?"

तिच्या भावाकडे गेलो. त्यानं काढलं. त्याच्या साळ्याकडे गेलो.

बोरगावला एका घरी विचारलं, तर ओट्यावर बसलेला माणूस म्हणाला, "कोनती पोरगी? ते मिरगीवाली?"

मी म्हटलं, "हो."

मानसी, मी 'हो' म्हटलं. मिरगी आणि तुझ्या फिट वेगळ्या का एकच, तुझं नाव काय, तू काय शिकली, अकरा वर्षांत एकदाही काही झालं नाही, औषध डॉक्टरनंच बंद केलं, यातलं काही बोललो नाही. 'हो' म्हटलं, त्यानं मोबाईल पुढे केला, मी माझाच चेहरा पाहिला, त्यानं बोटानं पुसला. त्याच्या बायकोनं संत्री दिली. खाल्ली. आंबट होती का गोड, घरी आल्यावर मोठ्या आईनं विचारलं तेव्हा सांगता आलं नाही.

उर्मिला काल मोठ्या आईला सांगत होती, मी आतल्या खोलीतून ऐकलं, की तुला सुईवरून काढून नोंदणीच्या टेबलावर बसवलंय. कोण्या पेशंटनं म्हटलं म्हणे, 'हिचाच हात मध्येच थरथरला तर?' तू काही भांडली नाही असं तुझी आई म्हणाली. तू चौथीत असताना बोरं चोरल्याचा आळ आला होता तेव्हा शाळेच्या फाटकावर चढून बसली होती भांडायला.

आता लिहितो ते पहिल्या पत्रात लिहायचं होतं.

बटन मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अठरातल्या दोन मुलांचं टाकलेलं मी आधीच काढलेलं होतं, त्यांची लग्नं जमली म्हणून. तू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. रडली नाहीस. "मोठेबाबा, ते काढा. आत्ता काढा." मी म्हटलं, हो बाई, काढतो. फोन ठेवला आणि आकडा पाहिला. अकरा हजार होता. म्हटलं, बारा होऊ दे. बारा झाल्यावर जेवण झालं. मग पंधरा. संध्याकाळी तुझा पुन्हा फोन, मी तुला म्हटलं बटन सापडून नाही राहिलं. तू मला कुठे दाबायचं ते सांगितलं, एक-एक करून, हळू. लहान पोराला सांगावं तसं. मी 'हो, हो' म्हणत राहिलो आणि दाबलं नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्याच्या दारात गेलो. पहिल्यांदा हजारो लोक माझ्या दारात आले होते. कोणी शेरा लिहिला, 'ऐसा ईमानदार आदमी आजकल कहाँ.' तो मी कितीदा वाचला ते सांगत नाही.

नवव्या दिवशी पांढुर्ण्यावरून निरोप आला की अभिजीतचे वडील केशवराव सुपारी फोडायला येणार नाहीत. मग काढलं. बैल गेला आणि झोपा केला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मोठ्या आईलाही नाही.

पुंडलिक


सौंसर, १८ डिसेंबर

मानसी,

'चि.' लिहिलं नाही, कारण आज तुला लहान समजून लिहीत नाही. आज विचारायचं आहे.

काल अभिजीतचे वडील आले होते. या बाजूला संत्र्याचे बगीचे पाहायला आले असतील, जाता जाता उतरले. मोठी आई चहा ठेवायला उठली, तर म्हणाले, "चहा नको वहिनी." बसलेही खाटेच्या टोकावर.

मी म्हटलं, "केशवराव, माझं चुकलं."

"चुकलं ते चुकलं. पोरीत खोट हाय म्हनून आमी नाही थांबलो, हे आयकून घ्या. अभिजीतले तिनं पयलेच सांगतलं होतं. त्यानं आमाले नाही सांगतलं, थे त्याचं तो पाहीन. पन मले तुमच्या तोंडून पाह्यजे होतं. तुमी दोन खेपा माह्या घरी आले. पुरनपोळी खाल्ली. सुपारीच्या दिवशी कानात सांगू म्हनले असान मनात, मी समजू शकतो. अन् झालं काय? मी यार्डात संत्र्याच्या ढिगावर उभा. माहा हमाल मले मोबाईल दाखवते. 'पाहा मालक, तुमची सून.' पुंडलिकराव, आमी पाव्हने होतो का पब्लिक?"

बाहेर संत्र्याचा ट्रक गल्लीत वळत नव्हता, ड्रायव्हर ओरडत होता, तेच ऐकत बसलो.

मग ते म्हणाले, "एक करा. दुसरा व्हिडिओ टाका. सांगा का थे पोरगी दुसरी होती, माह्याकडून फोटो चुकीचा लागला. मानसीले कधीच काही नव्हतं. म्हंजे मले माह्या भावबंदात मान वर करता येईन. संक्रांत झाली का सुपारी फोडू. अभिजीत मानून नाही राहिला कोठंच दुसरीकडं. मीबी कंटाळलो."

हे बोलून उठले. दारात वळून म्हणाले, "पोरगी चांगली हाय. मले माहीत हाय."

ते गेल्यावर मोठी आई म्हणाली, "टाकून द्या ना जी. एक खोटं. पोरीचं घर बसते. तुमचं काय जाते?"

उर्मिला दाराच्या आड उभी होती. निघून गेली नाही.

आज दुपारी मी परसात बसून बोलून पाहिलं. टाकलं नाही, फक्त मोबाईलमध्ये भरलं. "मंडळी, माझ्याकडून एक मोठी चूक झाली." पहिल्यांदा अडखळलो. दुसऱ्यांदा बरं आलं. तिसऱ्यांदा इतकं साफ आलं की मलाच खरं वाटलं. ती दुसरी पोरगी कोण, कोणत्या गावची, तिचे आईबाप कसे, सगळं मी जागच्या जागी रचलं. एक्केचाळीस लग्नांत मी एक खोटं बोललो नाही असं छाती ठोकून सांगत आलो. आता कळलं, बोलायची वेळ आली नव्हती एवढंच.

मोबाईल तसाच ठेवला आहे. एक बटन दाबायचं काम आहे, आणि ते कुठे आहे ते मला माहीत आहे.

मागच्या वेळी तुला विचारलं नव्हतं. या वेळी विचारतो. तू हो म्हटलं तर टाकतो. लाज वाटेल, नाही वाटेल, माझा प्रश्न. तुझं लग्न होऊन जाईल. नाही म्हटलं तर टाकत नाही. उत्तर आलंच नाही तरीही टाकत नाही, मोठी आई कितीही मागे लागली तरी.

पुंडलिक


सौंसर, ५ जानेवारी २०२६

मानसी,

तुझं पत्र मिळालं. डाकवाल्यानं माझं नाव वाचून दोनदा पाहिलं, मला पत्र येत नाही कोणाचं.

तीनच वाक्यं आहेत. तरी इथे उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला कळेल.

'मोठेबाबा, खोटं टाकू नका. खरंही टाकू नका. माझ्याबद्दल कोणाला काहीच सांगू नका, कोणी विचारलं तरी नाही.'

खाली नाव नाही.

मी आधी समजलो की तू रागावून लिहिलं. मग दिवसभर घरात इकडून तिकडे फिरलो तेव्हा लक्षात आलं की मला दोनच गोष्टी येतात, खरं सांगणं आणि आता नवीन शिकलो ते. तिसरं काही असतं हे माझ्या बापानं सांगितलं नव्हतं, आणि त्या कोर्सवाल्या बाईनंही नाही.

परसात भरलेले तिन्ही पुसले. मग पानच बंद करायला बसलो. ते म्हणतं, पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं. मग म्हणतं, तीस दिवसांची मुदत देतो, मन बदललं तर परत या. मन आहे कुठे बदलायला.

मोठ्या आईनं विचारलं, "काय लिहिलं पोरीनं?" मी म्हटलं, "तिनं लिहिलं." ती म्हणाली, "ते त दिसून राहिलं, काय लिहिलं?" मी आंघोळीला गेलो. तिनं दार वाजवलं. मी पाणी ओतत राहिलो. ती चिडली आहे, दोन दिवस भाजीत मीठ जास्त आहे.

उर्मिलानं विचारलं नाही. मी पत्र तिच्या शिलाईच्या मशीनवर ठेवलं आणि बाहेर गेलो. परत आलो तेव्हा पत्र माझ्या उशीवर होतं, घडी तशीच. तिनं वाचलं की नाही ते मला माहीत नाही. मशीनवर ठेवलं हे 'सांगणं' झालं का? झालं असेल तर तेवढं एक पदरात घे. ती आई आहे, या हिशेबानं मी केलं. पुढे तेही करणार नाही.

पुंडलिक


सौंसर, २५ जानेवारी

मानसी,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण काल पांढुर्ण्याला जे झालं ते तुझं आहे, माझ्याजवळ ठेवून घ्यायचा मला हक्क नाही. म्हणून लिहितो. हे झालं की मी थांबतो.

केशवराव वाट पाहत होते, त्यांना तोंडानं सांगणं भाग होतं. फोनवर सांगितलं नाही. सकाळच्या बसनं गेलो. यार्डात संत्री छाटायचं काम चालू होतं, बाया मोठी-लहान वेगळी करत होत्या. केशवरावांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "दुसरा व्हिडिओ होणार नाही."

"पोरीनं नाही म्हनलं?"

मी काही बोललो नाही.

"का तुमचंच मन नाही झालं?"

तरीही बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलबोल करणारा माणूस असा उभा राहिलेला त्यांनी पाहिला नसेल. म्हणाले, "मंग राहू द्या, पुंडलिकराव," आणि बायांकडे वळून ओरडले, "ओ बाई, डागाचं फळ खाली नको लपवू!" रागानं म्हणाले असं नाही. काम चालू होतं.

बसस्टँडकडे चालत निघालो तर मागून अभिजीत आला. शाळेत शिकवून आला असावा, बोटांना खडू होता. माझी पिशवी घेतली.

अर्ध्या रस्त्यात म्हणाला, "मोठेबाबा, तिचा फोन लागत नाही. होस्टेलवर गेलो होतो, तिथून तिनं सोडलं म्हणे. लॅबमध्ये जायचं होतं, पण तिथं अजून तमाशा नको म्हणून परत आलो. पत्ता द्या."

"नाही."

"म्हंजे तुमच्याजवळ नाही?"

"आहे."

"मंग द्या ना जी."

"नाही."

तो थांबला. मीही थांबलो. ऊन होतं, एक म्हातारी तीळ विकत बसली होती, संक्रांत होऊन गेली तरी.

"कशी आहे एवढं तरी सांगा."

मी पाहिलं, बस लागली होती. बसच्या पाटीवरची अक्षरं वाचली. एकदा, दोनदा.

"बोला ना. सगळ्या दुनियेले त सांगतलं तुम्ही. मले एकट्याले सांगायला काय होते?"

मी म्हटलं, "हो, सांगितलं होतं."

एवढंच बोललो. मानसी, मला वाटलं तो पिशवी खाली टाकेल. त्यानं नाही टाकली. बसमध्ये चढला, मला खिडकीची जागा पाहून दिली, पिशवी मांडीवर ठेवली आणि खाली उतरला. खिडकीतून म्हणाला, "बाबा नाही म्हणून राहिले. मी नाही म्हटलेलं नाही. माहा नंबर तोच आहे. एवढं तिला कळवाल का?"

मी त्याला 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत मध्यस्थानं निरोप नेला नाही असं झालं नाही, आणि हा निरोप न्यावा की नाही ते मला ठरवता येईना. बस निघाली. सौंसर येईपर्यंत ठरवलं की तुला लिहायचं. त्याला मात्र काही कळवायचं नाही, ना मी लिहिलं म्हणून, ना तू वाचलं म्हणून.

घरी आल्यावर मोठी आई म्हणाली, "काय म्हणाले पांढुर्ण्याचे?" मी म्हटलं, "संत्र्याला भाव बरा आहे."

तुला त्याला फोन करावासा वाटला तर कर. नको वाटला तर नको. दोन्हीत मला काही विचारू नको आणि मला काही कळवूही नको. तुझ्या आईला कळवलं तर मी तिला विचारणार नाही, तिनं आपणहून सांगितलं तर ऐकेन आणि चूप राहीन.

कधी लग्न झालं, कोणाशीही, तर गावात बातमी येईलच. ओट्यावर येऊन कोणीतरी सांगेल, "पुंडलिकराव, आयकलं का, तुमच्या मानसीचं झालं म्हणे." तेव्हा मी "असं का?" म्हणेन आणि घरात जाईन.

पुंडलिक